चित्रपटगृहात बोलणाऱ्या प्रेक्षकांना आवरायचे कसे, आणि ते काम कोणाचे?

अनुस्वार (पुणे)

चित्रपट सुरू असताना आजूबाजूला चालणाऱ्या गप्पांविषयी तक्रार सगळेच करतात. परंतु अशा वेळी नेमके काय करावे, याची नीट चर्चा क्वचितच होते. म्हणून हा धागा काढत आहे. विनोदावर उसळलेले हसू, एखाद्या प्रसंगी नकळत तोंडून निघालेला उद्गार किंवा आवडत्या नटाच्या प्रवेशाला पडलेली शिट्टी मला अजिबात खटकत नाही. फोन उचलून ‘मी थिएटरमध्ये आहे’ असे सांगायचे आणि त्यानंतरही बोलतच राहायचे. चित्रपट आधी पाहिलेला असल्यामुळे पुढे काय होणार ते सोबतच्या माणसाला सांगून टाकायचे. नायिका रडताना सर्वांनाच दिसत असताना ‘बघ, रडतेय’ असे म्हणायचे. आणि चित्रपट रंगत नाही असे वाटले की घरातल्या लग्नाची बोलणी तिथेच उरकायची, हे मला खटकते.

मारधाडीच्या चित्रपटात गप्पा बुडून तरी जातात. खरा घात होतो तो शांत चित्रपटांचा. छोट्या मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये अनेकदा दिवसाला एकच खेळ मिळतो, तोही अडनिड्या वेळेचा, आणि दुसऱ्या आठवड्यात तो बहुधा उतरलेला असतो. त्या एका खेळात मागच्या रांगेतल्या दोघांनी गप्पा मारल्या, तर तो चित्रपट मोठ्या पडद्यावर मन लावून पाहण्याची संधी गेलीच म्हणायची. दोन संवादांमध्ये दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलेली शांतता हाही चित्रपटाचाच भाग असतो, आणि बोलणारा माणूस नेमकी तीच हिरावून घेतो.

माझे प्रश्न दोन आहेत. आपण प्रेक्षकांनी अशा माणसाला कसे सांगावे, म्हणजे तो गप्पही बसेल आणि भांडणही होणार नाही? आणि मुळात हे काम आपले आहे की चित्रपटगृहाचे?

उपनगरी

एकदा सांगावे. न ऐकल्यास रिकामी खुर्ची शोधून उठून जावे. उरलेला चित्रपट रागात पाहण्यापेक्षा ते बरे.

पाऊलवाट

उपनगरी यांनी सांगितलेले ‘एकदा सांगावे’ हेच बहुतेकांना साधत नाही, म्हणून मी जरा विस्ताराने लिहिते.

वळून रोखून बघणे आणि ‘शुक् शुक्’ करणे या दोन गोष्टी मी कधीच करत नाही. रोखून बघितल्याने समोरच्याचा अपमान होतो, आणि ‘शुक् शुक्’ नेमके कोणासाठी आहे हे अंधारात कळत नसल्यामुळे ज्याला कळायला हवे तो सोडून बाकी सगळे चपापतात. मी वळते, हळू आवाजात आणि नात्याने हाक मारून सांगते: ‘काका, जरा हळू बोलाल का? संवाद ऐकू येत नाहीयेत.’ यात त्यांची चूक मी काढत नाही, माझी अडचण सांगते. ‘तुम्ही बोलताय’ असे म्हटले की माणूस स्वतःच्या बचावाला उभा राहतो. ‘मला ऐकू येत नाही’ असे म्हटले की बहुतेक माणसे ओशाळतात आणि थांबतात.

वेळही महत्त्वाची आहे. पहिल्या दहा मिनिटांत सांगितले तर ती साधी विनंती असते. अर्धा तास दात-ओठ खाऊन मग सांगायला गेलो, की आवाजात तोपर्यंत साठलेला सगळा राग उतरतो आणि समोरच्याला कळतच नाही की एवढे काय झाले. मोठा घोळका असेल तर सगळ्यांना उद्देशून बोलू नये, कारण घोळक्यात कोणालाच माघार घेता येत नाही. त्यातल्या जवळच्या आणि वयाने मोठ्या व्यक्तीला सांगावे. ती बाकीच्यांना आवरते.

खिडकीजवळची

पाऊलवाट, तुमची पद्धत चांगली आहे, पण ती सोबत कोणी असेल तेव्हाची आहे. मी बऱ्याचदा एकटी चित्रपटाला जाते. मागे चार-पाच तरुणांचा घोळका बसलेला असताना एकट्या बाईने वळून ‘जरा हळू बोलाल का’ असे सांगणे म्हणजे पुढचे दोन तास त्यांना करमणुकीचा विषय पुरवणे. मला हा अनुभव आलेला आहे. मी विनंती केल्यानंतर बोलणे थांबले नाही, उलट माझ्याविषयी सुरू झाले. खुर्चीच्या पाठीला पाय लागू लागले. बाहेर जाऊन कर्मचाऱ्याला सांगितले, तर तो दारातून आत डोकावला आणि ‘आता तर शांत आहेत’ असे म्हणून निघून गेला. चित्रपटगृहाचे नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही घडू शकते.

म्हणून अनुस्वार यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: हे काम चित्रपटगृहाचे आहे. ते प्रेक्षकांवर सोपवले, की जो अंगाने दांडगा किंवा संख्येने जास्त, त्याच्या मनाप्रमाणे चित्रपट पाहावा लागतो.

कृष्णाकाठ

मी थोडा विरोधी सूर लावणार आहे.

माझे लहानपण सातारा-सांगलीकडच्या जत्रांमध्ये टुरिंग टॉकीजच्या तंबूत चित्रपट पाहण्यात गेले. तिथे जमिनीवर बसायचे, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधून चहा-भजी फिरायची आणि चित्रपट सगळे मिळून बोलत बोलत बघायचे. खलनायक मागून आला की पन्नास जण नायकाला ओरडून सावध करायचे. रीळ तुटले की शिट्ट्या, पुन्हा लागले की शिट्ट्या. त्या बोलण्याने चित्रपट बिघडला असे आमच्यातल्या कोणालाही वाटले नाही.

हे त्याही आधीपासूनचे आहे. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट १९१३ साली गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला तेव्हापासून पुढची जवळजवळ वीस वर्षे आपल्याकडचे चित्रपट मुकेच होते. पडद्यावर पाट्या यायच्या आणि ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचून दाखवी, कारण शेजारच्याला अक्षरओळख नसे. बाजूला पेटी-तबला चाललेला असे. १९३२ साली मराठी बोलपट आला तेव्हा कुठे पडदा बोलू लागला आणि प्रेक्षकाने ऐकावे अशी अपेक्षा निर्माण झाली. १९७५ साली संतोषीमातेवरचा हिंदी चित्रपट लागला तेव्हा लोक चपला काढून बसत आणि पडद्यावर फुले-नाणी उधळत. हाही प्रेक्षकच होता, आणि तो मनापासून चित्रपट पाहत होता.

मला एवढेच म्हणायचे आहे की मान खाली घालून मूकपणे चित्रपट पाहणे ही एक पद्धत आहे, एकमेव पद्धत नव्हे. ती शहरी, वातानुकूलित आणि महागड्या तिकिटाची पद्धत आहे. गावाकडून आलेल्या एखाद्या कुटुंबाला त्यावरून असंस्कृत ठरवू नये.

अनुस्वार

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तंबूतल्या प्रेक्षकाला असंस्कृत म्हणण्याचा विचारही माझ्या मनात नाही. पण तुम्ही दिलेल्या प्रत्येक उदाहरणात लोक चित्रपटाशी बोलत आहेत. नायकाला सावध करणारे पन्नास जण पडद्याकडे बघत आहेत. पाटी वाचून दाखवणारा तर शेजाऱ्याला चित्रपटाच्या जवळ आणत आहे. माझी तक्रार आहे ती चित्रपटाकडे पाठ फिरवून बोलणाऱ्यांविषयी. फ्लॅटच्या हप्त्याविषयी फोनवर बोलणाऱ्या माणसाला टुरिंग टॉकीजच्या परंपरेत बसवता येणार नाही. तुमच्या तंबूत तो बसला असता तर त्याला आजूबाजूच्या आज्यांनीच गप्प केले असते, असे मला वाटते.

कृष्णाकाठ

केले असते, हे खरे आहे. आमच्याकडे डोअरकीपरही तसाच असे. हातात बॅटरी घेऊन फिरायचा आणि बोलणाऱ्याच्या थेट तोंडावर उजेड टाकायचा. तोंडातून शब्द काढायची त्याला गरजच पडत नसे.

तिसरीघंटा

डोअरकीपरचा उल्लेख आला म्हणून नाटकाचा अनुभव सांगतो, कारण मी नाटकवाला आहे. नाटकात प्रेक्षकाने गडबड केली तर रंगमंचावरचा नट प्रयोग थांबवू शकतो. २०१९ साली नाशिकच्या कालिदास कलामंदिरात मोबाइल वाजत राहिल्यामुळे सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला होता. त्याच वर्षी सुबोध भावे यांनीही हे असेच चालणार असेल तर नाटकात काम न केलेले बरे, अशी भावना जाहीरपणे मांडली. त्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली आणि नाट्यगृहांत जॅमर बसवावेत अशी मागणीही झाली.

चित्रपटाची अडचण अशी, की पडद्यावरच्या नटाला प्रेक्षक दिसत नाही. त्याच्या वतीने बोलणारे कोणीतरी त्या अंधारात हजर असायला हवे. पूर्वी डोअरकीपर होता. आज तिकीट दारावर तपासले जाते, किंवा लॉबीतच, आणि दार बंद झाले की आत आपण आणि आपले नशीब.

मुक्कामपोस्ट

जॅमर बसवला तर फोन बंद पडतील. शेजारच्या काकूंना कोणता जॅमर लावायचा?

कलमकागद

मुक्कामपोस्ट, फोनही तसे बंद पाडता येणार नाहीत. आपल्या देशात खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला जॅमर विकत घेण्याची व वापरण्याची मुभा नाही. ती तुरुंगांसारख्या ठिकाणी आणि सरकारच्या परवानगीनेच मिळते. तातडीच्या प्रसंगी डॉक्टरांना किंवा घरच्यांना फोन लागणे आवश्यक असते, हेही विसरू नये.

कायद्याच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे, आणि सार्वजनिक हित व सुरक्षितता यांना बाध येणार नाही अशा प्रवेशाच्या अटी घालण्याचा मालकाला अधिकार आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू द्यावेत की नाही, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी जो निकाल दिला, त्याचा आधार हाच होता. पिण्याचे पाणी मोफत द्यावे, तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेले अन्न अडवू नये, एवढ्या अपेक्षा कायम ठेवून मालकाचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

आता विचार करा. बाहेरचा समोसा आत येऊ नये म्हणून दारावर पिशव्या तपासायला माणसे ठेवता येतात, कारण त्यात उत्पन्नाचा प्रश्न आहे. त्याच अधिकारात ‘खेळ सुरू असताना फोनवर बोलल्यास बाहेर जावे लागेल’ अशी अट घालता येते आणि अमलातही आणता येते. अधिकार नाही ही सबब चालणार नाही. इच्छा नाही, एवढेच म्हणता येईल.

ध्वनिरेषा

मी चित्रपटगृहांच्या ध्वनियंत्रणेचे काम करतो. या चर्चेत न आलेली एक बाजू मांडतो.

चित्रपटाचे अंतिम ध्वनिमिश्रण ज्या पातळीवर होते, तीच पातळी चित्रपटगृहात मिळावी यासाठी यंत्रणा जुळवताना पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरची पातळी ८५ डेसिबलला बांधलेली असते, आणि आवाजाचे बटण ७ वर असते. व्यवहारात मात्र ७ वर चित्रपट क्वचितच चालतो. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, त्याबद्दल तक्रार येते, मग कोणीतरी बटण ५ वर किंवा त्याहूनही खाली आणतो आणि मुख्य चित्रपट सुरू झाल्यावर ते परत वर न्यायचे राहून जाते. ७ वरून ५ वर आणले की साधारण साडेसहा डेसिबलची घट होते. मारामारीच्या प्रसंगात ती जाणवणारही नाही. पण दोन माणसे हळू आवाजात बोलत असतील तर त्यांचा संवाद जवळजवळ पुसला जातो. माणसांचे साधे बोलणे एक मीटरवरून सुमारे ६० डेसिबल भरते. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याचा आवाज आणि नायकाचा आवाज एकाच उंचीवर येतात, आणि शेजारी जवळ असल्यामुळे तोच जिंकतो.

शिवाय चांगल्या चित्रपटगृहाच्या भिंती आवाज शोषून घेतात, घुमू देत नाहीत. त्यामुळे पडद्यावरचा शब्द स्वच्छ ऐकू येतो आणि त्याच कारणाने तीन रांगा मागची कुजबुजही स्वच्छ ऐकू येते. जुन्या मोठ्या थिएटरांत आवाज घुमायचा, पंखे घरघरायचे, त्यात कुजबूज विरून जायची.

म्हणून संवाद नीट ऐकू येत नसतील तर पहिली तक्रार आवाजाच्या पातळीची करावी. ‘आवाज कमी आहे’ असे दोघा-तिघांनी जाऊन सांगितले तर तो वाढवला जातो. अर्ध्या गप्पा तेवढ्याने झाकल्या जातात आणि ‘काय म्हणाला तो?’ असे विचारणाऱ्यांचे बोलणे तर थांबतेच, कारण त्यांना खरोखरच ऐकू आलेले नसते.

पाऊलवाट

ध्वनिरेषा, ही माहिती माझ्यासाठी अगदी नवी आहे. माझ्या सासूबाई सतत विचारतात, ते त्यांच्या कानांमुळे असे आम्ही धरून चाललो होतो.

हिरवाचाफा

पाऊलवाट यांच्या सासूबाईंवरून लिहावेसे वाटले. माझे यजमान दृष्टिहीन आहेत. आम्ही दोघे चित्रपटाला जातो आणि मी त्यांना कानात सांगत असते: आता ती दाराशी उभी आहे, त्याने पत्र फाडले, बाहेर पाऊस पडतोय. माझ्याशिवाय त्यांना अर्धा चित्रपट कळणार नाही. मी शक्य तितक्या हळू बोलते, कोपऱ्यातल्या खुर्च्या घेते, कमी गर्दीचा खेळ निवडते, आणि तरीही लोकांनी वळून केलेला त्रागा ऐकून घेते. अंधारात लोकांना पांढरी काठी दिसत नाही, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. मात्र ‘बोलणाऱ्याला बाहेर काढा’ असा सरसकट नियम झाला तर आम्ही दोघे बाहेर जाऊ.

यावर उपाय आहे, आणि तो गप्प बसणे हा नाही. मोबाइलवरच्या ॲपमधून दृश्यांचे वर्णन एका कानात ऐकू येण्याची सोय आता काही चित्रपटांना असते. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये दृष्टिहीन व कर्णबधिर प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहांतल्या सोयींची मार्गदर्शक तत्त्वेही काढली आहेत. ध्वनिवर्णन आणि पडद्यावरचे शब्दांकन, दोन्हींचा त्यांत विचार आहे. परंतु मराठी चित्रपटांपैकी फारच थोड्यांना ही सोय मिळते. निर्मात्यांनी ती करावी यासाठी या धाग्यावरच्या मंडळींनीही आवाज उठवला, तर माझे कानात बोलणे आपोआप थांबेल आणि माझ्या यजमानांना माझ्या आवाजाऐवजी चित्रपट ऐकता येईल.

अनुस्वार

हिरवाचाफा, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. नियम करताना ही बाजू आधी धरली पाहिजे. तुम्ही खेळाआधी कर्मचाऱ्यांना कल्पना देता का? तशी नोंद झाली तर कोणी तक्रार केल्यास त्यांनाच समजावून सांगता येईल.

हिरवाचाफा

देते, आणि चांगला माणूस भेटला तर तो शेजारच्या दोन खुर्च्या मोकळ्या राहतील असे बघतोही. पण ते त्या त्या माणसावर अवलंबून असते.

मिशिगनतीर (अमेरिका)

इकडची एक पद्धत सांगतो. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९९७ साली अलामो ड्राफ्टहाउस नावाचे चित्रपटगृह सुरू झाले, आणि पुढे त्याच्या शाखा इतर शहरांतही निघाल्या. तिथे न बोलण्याचा आणि फोन न वापरण्याचा नियम चित्रपटाआधी पडद्यावर दाखवत. खुर्चीसमोर खाण्याची ऑर्डर लिहायला कागद असायचे. कोणी बोलत असेल तर त्याच कागदावर तक्रार लिहून तो उभा करून ठेवायचा. कर्मचारी येऊन शांतपणे कागद नेई आणि बोलणाऱ्याला एकदा समज देई. पुन्हा बोलल्यास बाहेर, आणि पैसे परत नाहीत. २०११ साली अशाच बाहेर काढलेल्या एका प्रेक्षकाने फोनवर संतापून ठेवलेला निरोप त्यांनी पुढच्या चित्रपटांआधी सूचना म्हणून लावला, आणि त्याची जगभर चर्चा झाली.

यातली मला पटलेली गोष्ट अशी, की तक्रार करणाऱ्याला कोणाशी बोलावे लागत नाही आणि तक्रार कोणी केली हे कळतही नाही. खिडकीजवळची यांनी सांगितलेला धोका त्यात उरत नाही.

प्रेक्षकांनीच एकमेकांना आवरण्याचा शेवट किती भयंकर होऊ शकतो, हेही इकडे दिसले आहे. जानेवारी २०१४ मध्ये फ्लोरिडात चित्रपटाआधी फोनवर संदेश पाठवण्यावरून दोन प्रेक्षकांत वाद झाला आणि त्यातल्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने दुसऱ्याला गोळी घातली. तो माणूस मरण पावला. २०२२ साली ज्यूरीने त्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले.

उपनगरी

यासाठीच मी खुर्ची बदलायला सांगत होतो. समोरचा माणूस कसा आहे हे अंधारात आपल्याला ठाऊक नसते.

योकोहामाकर

जपानमध्ये याच्या उलट अनुभव आहे. इथला प्रेक्षक इतका शांत असतो की श्रेयनामावली संपून दिवे लागेपर्यंत बहुतेक कोणी उठतही नाही. पण याच देशात ‘ओरडण्याचे’ वेगळे खेळ लावतात. त्या खेळाला जाताना चमकत्या कांड्या न्याव्यात, आवडत्या पात्राचा वेश करावा, नायकाला हाका माराव्यात, सगळ्याला मुभा असते, आणि ते तिकीट काढतानाच स्पष्ट सांगितलेले असते. २०१८ च्या सुमारास एका भव्य तेलुगू चित्रपटाचे असे खेळ इथे गाजले. एरवी शब्दही न बोलणारी माणसे राजाच्या नावाचा जयघोष करत होती.

कृष्णाकाठ आणि अनुस्वार या दोघांचेही समाधान यात आहे असे मला वाटते. आपल्याकडेही २०२३ साली एका मराठी चित्रपटाला बायकांचे गटच्या गट नटूनथटून गेले, पडद्यासमोर नाचले. तो आनंद कोणी का हिरावून घ्यावा? पण तसा खेळ तसा म्हणून जाहीर व्हावा, आणि शांत खेळ शांत म्हणून.

खिडकीजवळची

लहान मुलांसाठीही असेच हवे. तान्हे बाळ रडले की आई अर्धा चित्रपट बाहेर लॉबीत येरझाऱ्या घालत घालवते. परदेशात बाळांसह येणाऱ्या पालकांचे आणि स्वमग्न मुलांचे खास खेळ असतात असे वाचले आहे. दिवे मंद चालू, आवाज थोडा कमी, मुलांनी फिरले तरी चालते. आठवड्यातून एक सकाळचा खेळ तसा ठेवायला काय हरकत आहे? त्या वेळी सभागृहे एरवीही बऱ्यापैकी रिकामीच असतात.

गोमंतकवारा

पणजीत २००४ पासून दरवर्षी इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, आणि मी शक्य तेव्हा जातो. चित्रपटाचे जाणकार बोलत नाहीत हा समज तिथे गळून पडतो. फोनवर बोलणारे महोत्सवात कमी, पण दिग्दर्शकाचा आधीचा चित्रपट कोणता, ही चौकट कोणाची उचलली आहे, हे शेजाऱ्याला तिथल्या तिथे सांगणारे पुष्कळ. सबटायटल वाचत असताना ते सहन करणे आणखी कठीण जाते. तेव्हा गाव-शहर किंवा शिकलेला-अडाणी असा हा प्रश्न नाही, एवढे मी कृष्णाकाठ यांच्या बाजूने म्हणेन.

सातचाखेळ

मी काही वर्षे एका मल्टिप्लेक्समध्ये ड्यूटी मॅनेजर होतो. मूळ प्रश्नाकडे परत येऊन, आतून काय दिसते ते सांगतो.

तिसरीघंटा म्हणतात ते बरोबर आहे, आत कोणी नसते. संध्याकाळच्या गर्दीत चार-पाच पडद्यांना मिळून सभागृहाकडे बघणारी एक-दोन माणसे असतात, आणि तीच माणसे खेळ सुटल्यावर साफसफाई होते की नाही हेही बघतात. उरलेले सगळे खाद्यपदार्थांच्या काउंटरवर. बोलणाऱ्यांची तक्रार आमच्यापर्यंत येई ती बहुतेक वेळा खेळ संपल्यावर, बाहेर पडता पडता, रागाने. तेव्हा आम्ही माफी मागण्यापलीकडे काही करू शकत नसू. किंवा ती समाजमाध्यमांवर येई, आणि त्याला उत्तर देणारा माणूस तिसऱ्याच शहरात बसलेला असे.

काम होते ती तक्रार अशी असते: खेळ चालू असताना केलेली, पडद्याचा क्रमांक, रांगेचे अक्षर आणि खुर्चीचा क्रमांक सांगणारी. ‘मागे कोणीतरी बोलतंय’ असे सांगितले तर पोऱ्या दारातून डोकावून परत येतो. खिडकीजवळची यांच्या बाबतीत तेच झाले असणार. ‘तीन नंबर, एफ रांग, अकरा आणि बारा’ असे सांगितले की त्याला थेट त्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहावे लागते. गणवेशातला माणूस रांगेच्या टोकाशी नुसता दोन मिनिटे उभा राहिला तरी बहुतेकांचे बोलणे बंद होते. आम्ही एखाद्याला बाहेर काढल्याचे प्रसंग फार थोडे, आणि ते बहुतेक दारू पिऊन आलेल्यांचे.

कर्मचारी हलत नसेल तर ‘ड्यूटी मॅनेजरला बोलवा’ असे म्हणावे. प्रत्येक पाळीला एक जण असतोच. चित्रपट खरोखर वाया गेला असेल तर मध्यंतराच्या आत जाऊन दुसऱ्या खेळाचे तिकीट मागावे. मध्यंतरानंतर ते मिळणे अवघड जाते, कारण तुम्ही निम्म्याहून अधिक चित्रपट पाहिला असे धरले जाते.

आणि कलमकागद म्हणतात तसे, इच्छा असेल तर आणखी एक गोष्ट सहज करता येईल. खेळ सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी एक आणि मध्यंतरानंतर एक, अशा दोन फेऱ्या माणसाने सभागृहात माराव्यात. त्याला नवे यंत्र लागत नाही, माणूस वाढवावा लागत नाही; कामाच्या यादीत दोन ओळी वाढवाव्या लागतात. माझ्या पाळीला मी ते सुरू केले होते आणि तक्रारी कमी झाल्या होत्या. पुढे माझी बदली झाली.

कृष्णाकाठ

बॅटरी असू द्या त्याच्या हातात.

पाऊलवाट

सातचाखेळ, एक शंका. बोलणारी माणसे आपल्या अगदी शेजारच्याच खुर्चीवर असतील तर तक्रार कोणी केली हे त्यांना लगेच कळते. आपण उठून बाहेर गेलो आणि पाठोपाठ माणूस आला, म्हणजे संशयाला जागाच नाही. तिथे काय करावे?

सातचाखेळ

तिथे तक्रार न करता खुर्ची बदलून मागावी. सभागृहात जागा असेल तर चांगला कर्मचारी ती लगेच देतो, आणि कोणत्या खुर्च्या विकल्या गेलेल्या नाहीत हे त्याला संगणकावर दिसते, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांशी वादही होत नाही. बाहेर जाताना पर्स किंवा पिशवी सोबत न्यावी, म्हणजे परत त्या रांगेत यावे लागत नाही. नव्या जागेवर बसल्यावर पाहिजे तर जुन्या रांगेचा क्रमांक सांगावा. तोपर्यंत तुम्ही तिथून निघालेल्या असता, आणि पाठीमागच्या चार रांगांपैकी कोणीही तक्रार केलेली असू शकते.